केदारतालचा बेत: ठाण्याहून पाच जण, सप्टेंबर. सल्ला हवा आहे

कोलशेतकर

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात असलेला बेत यंदा पक्का करतो आहोत. गंगोत्रीहून केदारताल, म्हणजे हिमालयातलं ते उंचावरचं तळं. आम्ही पाच जण: मी, बायको, मेहुणा आणि ऐरोलीच्या ऑफिसातले दोन मित्र. वयं 34 ते 47. सह्याद्रीत सगळे नियमित फिरतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, भीमाशंकर शिडी घाटाने. हिमालयात मात्र आमच्यातल्या दोघांनीच हम्पता पास केला आहे, बाकी तिघांची ही पहिलीच वेळ.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं. आखणी अशी:

पहिला दिवस: मुंबईहून विमानाने डेहराडून, तिथून गाडीने उत्तरकाशी
दुसरा: उत्तरकाशी ते गंगोत्री
तिसरा: गंगोत्री ते भोजखरक
चौथा: भोजखरक ते केदारताल, तळ्याकाठी मुक्काम
पाचवा: केदारताल ते गंगोत्री, एका दमात खाली
सहावा: उत्तरकाशी
सातवा: डेहराडून
आठवा: घरी

रजा आठच दिवसांची आहे. मेहुण्याला घरच्या एका कारणासाठी वेळेत परतायलाच हवं. वाट, तयारी, सामान, परवाने, जे सुचेल ते सांगा. ज्यांनी हा ट्रेक केला आहे त्यांचं तर आवर्जून ऐकायचं आहे.

सागरलाट

वा! शुभेच्छा. वाचनखूण साठवली.

सह्यवेडी_खारघर

कोलशेतकर, ट्रेक छान निवडला आहे, पण आठ दिवस वाचून थोडी काळजी वाटली. उंचीचं गणित भोजपत्र काका नीट मांडतील, ते तिकडे तीनदा जाऊन आलेत. मी फक्त तयारीबद्दल लिहिते.

तुमच्याकडे तीन महिने आहेत, ते पुरतात. आठवड्यातून चार दिवस चालणं किंवा पळणं आणि त्यातले दोन दिवस चढ. ठाण्यात असाल तर येऊरचा रस्ता पायथ्यापासून वरपर्यंत पाठीवर वजन घेऊन, नाहीतर मामा-भांजे डोंगर. नवी मुंबईवाल्यांना पारसिक हिल आहे, खारघरचा डोंगर आहे. पावसात आमच्या इथे पांडवकड्याकडे जायला बंदी असते, तिकडे फिरकू नका. यातलं काही जमलं नाही तर सोसायटीचा जिना. मी स्वतः 18 मजले, पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून आठ किलो वजन, चार फेऱ्या अशी सुरुवात केली होती. उतरताना लिफ्ट घेऊ नका. केदारतालहून परतताना मांड्या आणि गुडघे उतरणीवरच बोलायला लागतात.

जुलैपासून दर दुसऱ्या रविवारी एक मोठी चढाई करा. आसनगावहून माहुली, आपल्या जिल्ह्यातला किल्ला, एकाच दिवसात वर-खाली. मग कळसूबाई. शेवटी लागोपाठ दोन दिवस दोन गड, कारण तिकडे दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालायचं असतं आणि तीच सवय आपल्याला नसते.

बूट आत्ताच घ्या. पावसाळाभर तेच घाला. निघायच्या आठवड्यात घेतलेल्या नव्या बुटांनी टाचा सोलल्या तर गंगोत्रीतूनच परत फिरावं लागेल.

भोजपत्र

कोलशेतकर, आधी एक गोष्ट. तुम्ही नळीची वाट आणि अलंग-मदन केलं आहे म्हणजे पाय आणि धीर दोन्ही आहेत. तिकडची वाट तुम्हाला झेपेल याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या आठ दिवसांबद्दल.

आपलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. गंगोत्रीचा बाजार जवळपास 3,100 मीटरवर आहे, म्हणजे बसमधून उतरता तिथेच तुम्ही कळसूबाईच्या दुप्पट उंचीच्या आसपास असता. सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी या विरळ हवेची सवय इथे होऊ शकत नाही. ती तिथे राहूनच होते आणि तिला दिवस लागतात.

आता तुमच्या रात्री मोजा. उत्तरकाशी साधारण 1,150 मीटर. दुसरी रात्र गंगोत्री, 3,100. तिसरी भोजखरक, सुमारे 3,780. चौथी केदारताल, सुमारे 4,750. दोन रात्रींत 1,650 मीटर वर झोपायला जाताय. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा सगळीकडे पाळला जाणारा नियम. तुमच्या आखणीत तो एकदाही पाळलेला नाही. भोजखरक आणि तळं यांच्या मधला केदारखरकचा मुक्कामच तुम्ही गाळला आहे.

मी हे पुस्तकी सांगत नाही. 2016 साली आम्ही सहा जण गेलो होतो. वाटेत दरड कोसळून एक दिवस गाडीत गेला, म्हणून गंगोत्रीतला थांबायचा दिवस आम्ही कापला. तेव्हा तो सर्वांत निरुपयोगी दिवस वाटला होता. ट्रेक नेणाऱ्या संस्थेचाही आग्रह तोच होता, पुढच्या गटाच्या तारखा जुळवायच्या होत्या त्यांना. संस्थेचं नाव इथे घेत नाही.

केदारखरकला संध्याकाळी पोचलो तेव्हा सगळे ठीक होतो. थलय सागरचं शिखर समोर उभं, त्यावर शेवटचं ऊन. माझा शाळेपासूनचा मित्र जेवला नाही, डोकं दुखतंय म्हणाला. डोकं तर सगळ्यांचंच थोडं दुखत होतं. रात्री आठच्या सुमाराला तो तंबूबाहेर जायला निघाला आणि बूट घालून बसून राहिला. मी टॉर्च मारला. त्याच्या दोन्ही हातांत नाडीची दोन टोकं होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता. एक फास केला, मग तो फास बोटांत धरून थांबला. पुढे काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं. 45 वर्षांचा माणूस, आयुष्यभर बुटाच्या नाड्या बांधलेला. मी त्याला उभं करून टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो उजवीकडे कलंडला.

सोबतचा लीडर म्हणाला, झोपू दे, सकाळी बघू. मी ऐकलं नाही, आणि आयुष्यात घेतलेल्या बरोबर निर्णयांत तो पहिला ठेवतो. आमचा स्थानिक वाटाड्या, नेताला गावचा, एका शब्दाने न वाद घालता टॉर्च घेऊन उभा राहिला. आम्ही तिघे त्याला मध्ये धरून रात्री नऊला निघालो. दगड पडतात तो घसरणीचा पट्टा अंधारात ओलांडला. रात्री गोठल्यामुळे दगड धरून असतात, तेवढंच आमच्या बाजूचं होतं. पहाटे एकच्या सुमाराला भोजखरक. जेमतेम 500 मीटर खाली. उजाडताना त्याने चहा मागितला आणि विचारलं, आपण इथे कधी आलो?

तळं त्या वर्षी आम्ही पाहिलं नाही. पुढच्या दोन वेळांना पाहिलं.

त्यामुळे माझी कळकळीची विनंती: आठ दिवसांत हा ट्रेक करू नका. बारा दिवस काढा, नाहीतर दुसरं ठिकाण निवडा. पूर्ण आखणी रात्री लिहितो.

माजिवडा_नाका

काका, अंगावर काटा आला. लिहिलंत ते फार बरं केलंत.

दवबिंदू

भोजपत्र यांना पूर्ण अनुमोदन. मी कळव्यात प्रॅक्टिस करते आणि स्वतः दोनदा 4,500 मीटरच्या वर गेले आहे. वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडते. पाचही जणांनी वाचा.

4,750 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 55 टक्के असतो. ऑक्सिजनचं प्रमाण हवेत तेवढंच असतं, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात मिळतो कमी. शरीर श्वास वाढवतं, लघवी वाढवतं, रक्तात बदल करतं, आणि या सगळ्याला काही दिवस लागतात. तो वेळ दिला नाही तर डोकेदुखी, मळमळ, अन्न नकोसं वाटणं, झोप न लागणं इथून सुरुवात होते. हा सौम्य प्रकार. यात त्याच उंचीवर थांबायचं, वर जायचं नाही.

धोक्याचे प्रकार दोन. काकांच्या मित्राला झाला तो मेंदूला सूज येण्याचा: तोल जाणं, गोंधळ, विचित्र वागणं. दुसरा फुप्फुसात पाणी होण्याचा: बसल्या जागी धाप, छातीत घरघर, कोरडा खोकला जो पुढे फेसाळ होतो, ओठ निळसर. दोन्हींत इलाज एकच पहिला, खाली उतरणं. त्याच क्षणी, रात्र असली तरी. औषध आणि ऑक्सिजन हे उतरताना मदतीला, उतरण्याऐवजी नव्हे.

डायमॉक्सबद्दल हमखास विचारणा होते. सवय लवकर व्हायला ती गोळी मदत करते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने घेऊ नका. आपापल्या डॉक्टरांना भेटा आणि ठाण्यातच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, ते आधी माहीत असलेलं बरं. आणि ही गोळी घेतली म्हणून दिवस कापता येत नाहीत.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. गार बोटांवर तो चुकीचं दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस डुलतोय, तर माणसावर विश्वास ठेवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

पाचांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, दमा? 40 च्या वरच्यांनी ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करून घ्या. परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं म्हणून नुसता शिक्का आणू नका.

सागरलाट

एक शंका. केदारताल इतका अवघड असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रूपकुंड का करू नये? किंवा काश्मीरची तळी?

सह्यवेडी_खारघर

सागरलाट, रूपकुंडच्या वाटेवरच्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी घातली. आली-बेदिनीच्या कुरणांची फार हानी झाली होती. त्यामुळे पूर्वीसारखा तो ट्रेक होत नाही.

काश्मीर ग्रेट लेक्स मी केला आहे. सोनमर्गहून नारानागला उतरायचं, साधारण 70 किलोमीटर. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर आणि शेवटी हरमुखच्या पायथ्याशी गंगाबल आणि नुंदकोल. सर्वांत उंच जागा गडसरची खिंड, 4,200 मीटरच्या आसपास, आणि झोपायच्या जागा तुलनेने हळूहळू चढतात. पहिल्या खेपेसाठी केदारतालपेक्षा तो सौम्य. पण 2025 च्या एप्रिलमधल्या पहलगाम हल्ल्यानंतर तिथली बरीच ठिकाणं बंद केली होती. आधी प्रशासनाची परवानगी, मगच तिकीट.

आणखी सोपं हवं तर हम्पता पास करून चंद्रताल. चंद्रताल 4,250 मीटरच्या वर आहे, पण तिथवर गाडी जाते. काठावर तंबू लावायला मनाई आहे, मुक्काम दोन-तीन किलोमीटर अलीकडे. ती रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे.

चालता_बोलता

नमस्कार. मी कोलशेतकरांचा मेहुणा. इथे कधी लिहीत नाही, पण दिवस माझ्यामुळे कमी पडतायत म्हणून लिहितो.

बाबांची तिथी पितृपक्षात चतुर्थीला येते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी एकुलता एक मुलगा, श्राद्ध मीच करतो. गौरी विसर्जनानंतर निघून बारा दिवस लावले तर तिथी हुकते. तेवढी एक गोष्ट मला सोडता येणार नाही. बाकी काका म्हणतात ते पटलंय. तुम्ही चौघे जा, मी पुढच्या वर्षी बघेन, असं दाजींना काल सांगितलं.

भोजपत्र

चालता_बोलता, तिथी सोडू नका आणि ट्रेकही सोडू नका.

गंगोत्रीत मंदिराजवळ भगीरथ शिळा आहे. भगीरथाने पूर्वजांच्या उद्धारासाठी तिथे तप केलं अशी श्रद्धा आहे आणि पितरांचं कार्य करायला लोक लांबून तिथे येतात. तिथले पुरोहित करून देतात. मी सांगतोय तसं गंगोत्रीत दोन रात्री राहायचंच आहे. त्या दिवशी चढाई करायची नाही, शरीराला नुसतं तिथे असू द्यायचं. निघायची तारीख अशी धरा की तुमची चतुर्थी गंगोत्रीतल्या दुसऱ्या दिवशी येईल.

म्हणजे गौरी विसर्जनानंतर नको, अनंत चतुर्दशी झाल्यावर, प्रतिपदेला निघा. हवामानाच्या दृष्टीनेही तेच बरं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडे पावसाचा भरवसा नसतो. गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धरालीत 5 ऑगस्ट 2025 ला खीरगंगेतून आलेल्या लोंढ्याने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मी त्या गावात चहा प्यायलो आहे, सफरचंदं घेतली आहेत. महिनाअखेरीस पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ, रात्री मात्र कडाक्याच्या.

आखणी:

पहिला दिवस, प्रतिपदा: विमानाने डेहराडून, संध्याकाळपर्यंत उत्तरकाशी.
दुसरा: सकाळी वनखात्याच्या कार्यालयात परवान्याचं काम, मग हर्सिलला मुक्काम, 2,600 मीटरच्या आसपास. देवदारांमधून भागीरथी, आणि शांतता. इथली रात्र फुकट जात नाही.
तिसरा: हर्सिल ते गंगोत्री. वाटेत लंकेच्या पुलाजवळून गरतांग गलीला जाऊन या. कड्याच्या पोटातून काढलेली जुनी लाकडी वाट, 2021 मध्ये दुरुस्त करून उघडली.
चौथा: गंगोत्री. तुमचं कार्य. दुपारनंतर पांडव गुफेपर्यंत चालणं.
पाचवा: भोजखरक. सुरुवातीलाच केदारगंगेच्या कडेने उभा चढ. मध्ये तिरक्या कातळाचा अरुंद टप्पा आहे, त्याला स्पायडर वॉल म्हणतात. तुम्हा सह्याद्रीवाल्यांना जड जाणार नाही, पण पाठीवरचं ओझं आवरून.
सहावा: भोजखरकलाच. वर केदारखरकच्या दिशेने तीन-चार तास चढून परत खाली झोपायला. 3,100 वरून 3,780 ही उडी मोठी आहे, तिची भरपाई इथे होते.
सातवा: केदारखरक, सुमारे 4,270. दगड पडतात तो पट्टा सकाळी लवकर ओलांडायचा, ऊन चढल्यावर बर्फ सुटून दगड सैल होतात. एकेकाने, न थांबता, फोटो न काढता.
आठवा: पहाटे चारला निघून केदारताल, आणि दुपारपर्यंत परत खाली, जमल्यास थेट भोजखरक. तळ्याकाठी मुक्काम नको.
नववा: गंगोत्री.
दहावा: राखीव.
अकरावा, बारावा: उत्तरकाशी, डेहराडून, घर.

राखीव दिवसाला हात लावू नका. जून 2024 मध्ये सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांचा गट वादळात सापडला आणि 9 जण गेले. तेही एका उंचावरच्या तळ्यालाच निघाले होते. तुमच्याकडे जादा दिवस असेल तर ढग दिसल्यावर तंबूत बसून राहायची ताकद येते. नसेल तर माणूस विमानाचं तिकीट डोळ्यांसमोर ठेवून चालतो.

एक नावाचा घोळ: तुमची ती भोजखरक. भोजबासा वेगळी, ती गोमुखच्या वाटेवर. परवान्यावर नाव नीट बघा. गोमुखला दिवसाला 150 जणांचीच मर्यादा आहे आणि ती वाट वेगळी.

चालता_बोलता

काका, हे मला सुचलंच नव्हतं. आज आईशी बोलतो.

माजिवडा_नाका

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. उंचीवर भूक मरते आणि नेमकं तेव्हाच खावं लागतं. म्हणून घरच्या चवीचं न्या. आमच्या गटाने मेतकूट नेलं होतं. गरम मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप यापुढे कुणी नाही म्हणालं नाही. ज्याला दोन दिवस काही जात नव्हतं तोही दोनदा भात घेऊन जेवला. डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, खाकरे, लसणीची कोरडी चटणी. आमसुलं खिशात ठेवा, मळमळ वाटली की एक चघळायचं.

तूरडाळ नेऊ नका, मुगाची न्या. 4,270 मीटरवर पाणी साधारण 86 अंशालाच उकळतं, त्यामुळे डाळ नुसती उड्या मारत राहते, शिजत नाही. प्रेशर कुकर हवाच. आमच्या आचाऱ्याने तो एका पोर्टरच्या पाठीवर मुद्दाम चढवला होता आणि रोज संध्याकाळी त्याची शिटी ऐकून बरं वाटायचं.

वेष्टनं घरीच काढून टाका, सगळं जाड पिशव्यांत भरा. प्रत्येक रिकामी पिशवी परत ठाण्याला आणा. केदारखरकला दगडांच्या फटीत नूडल्सची पाकिटं पाहिली आहेत आणि फार वाईट वाटलं होतं. तेच पाणी पुढे केदारगंगा होऊन गंगोत्रीत भागीरथीला मिळतं.

सह्यवेडी_खारघर

सामानाबद्दल दोनच गोष्टी. सुती कपडे अजिबात नकोत, घाम आणि पाणी धरून ठेवतात. आतला थर लवकर सुकणारा, मधला लोकरी किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, आणि मुक्कामासाठी एक पिसांचं. काळा चष्मा अतिनील किरणं अडवणाराच घ्या, बर्फावरून आणि पाण्यावरून येणारं ऊन डोळ्यांना पोळतं. फोनची बॅटरी रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, थंडीत झटक्यात उतरते.

गंगोत्रीच्या पुढे नेटवर्क धरू नका. कुणी सॅटेलाइट फोन न्या म्हणेल, तो परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. परतायची तारीख आणि वेळ उत्तरकाशीत एजन्सीकडे आणि ठाण्यात घरी, दोन्हीकडे लिहून ठेवा. चारधाम नोंदणीही लक्षात असू द्या.

दवबिंदू

एक राहिलं. पोर्टरांकडे बघा. त्यांच्या पायात काय आहे, अंगावर जाकीट आहे का, रात्री झोपायला तंबू आहे का, हे एजन्सीला पैसे देण्याआधी विचारा. त्यांनाही उंचीचा त्रास होतो आणि मजुरी बुडेल म्हणून ते सांगत नाहीत. रोज संध्याकाळी मी आमच्या सगळ्या पोर्टरांना टाचेला पंजा लावून चालायला लावायचे. आधी हसले, मग त्यांनाच आवडायला लागलं.

कोलशेतकर

मंडळी, चार दिवस उत्तर देता आलं नाही, कारण घरी आणि ऑफिसात हीच चर्चा चालू होती.

बारा दिवस ठरले. अनंत चतुर्दशीनंतर, प्रतिपदेला निघायचं. तो रविवार आहे, म्हणजे सोमवारी सकाळी उत्तरकाशीचं कार्यालय उघडं मिळेल. मध्ये 2 ऑक्टोबरची सुट्टी असल्याने रजा एकाने कमी लागते. ऑफिसातल्या एका मित्राला बारा दिवस मिळणार नाहीत, तो येणार नाही म्हणाला. त्याने हट्ट धरला नाही याचं मला बरं वाटलं. आता चौघे.

बायकोला रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती आणि मी शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. दवबिंदू ताई, तुमचा प्रतिसाद छापून घेतला आहे, तो घेऊनच जाणार.

भोजपत्र काका, तुमच्या मित्राची ती नाडीची गोष्ट आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचली. त्यानंतर आठ दिवसांचं नाव कुणी काढलं नाही. चौघांपैकी कुणीही एकाने खाली चला म्हटलं की वाद न घालता सगळ्यांनी उतरायचं, असं ठरवलं आहे. चालेल ना?

भोजपत्र

चालेल. त्यात वाटाड्यालाही धरा. तो पाचवा.

चालता_बोलता

आईशी बोललो. मला वाटलं होतं ती नाराज होईल. तिने विचारलं, पाणी किती गार असतं तिथे? बाबांना रिटायर झाल्यावर गंगोत्रीला जायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं. तीळ आणि दर्भ ती इथूनच बांधून देणार आहे, तिकडचा तिला भरवसा नाही. ताई बरोबर असेल, त्यामुळे कार्याला आम्ही दोघंही असू.

काका, भगीरथ शिळेजवळ सकाळी किती वाजता जावं? आणि पुरोहितांशी आधी बोलून ठेवावं लागतं का?

भोजपत्र

आदल्या दिवशी गंगोत्रीत पोचलात की संध्याकाळच्या आरतीनंतर घाटावरच बोलून घ्या. सकाळी ऊन घाटावर आल्यावर जा, पहाटे नको. पाणी हातात धरवत नाही इतकं गार असतं आणि पुढच्या दिवशी चढायचं आहे. ओले कपडे लगेच बदला, लोकरीची टोपी जवळ ठेवा. आईंना माझा नमस्कार सांगा.

कोलशेतकर

शनिवारपासून सुरुवात. पहाटे साडेपाचला येऊरच्या गेटपाशी भेटतोय, पाठीवर पाच किलो, दर आठवड्याला एक किलो वाढवत जाणार. पाऊस असला तरी. ठाण्यातलं कुणी येणार असेल तर इथेच कळवा.

माजिवडा_नाका

मी आहे. मला कुठे जायचं नाही, पण येतो. पोहे आणतो.

सह्यवेडी_खारघर

खारघरहून पहिली लोकल पकडून पोचायला सव्वासहा होतील. तुम्ही चढायला लागा, मी उतरताना गाठते आणि मग सगळे परत एकदा वर जाऊ.